बटण फिरले का?

आमच्या घरी एक जुना आल्बम आहे. काळ्या जाड कागदाची पाने, दोन पानांच्या मध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद, आणि प्रत्येक फोटो चार कोपऱ्यांत खोचून बसवलेला. त्यातल्या एका पानावर पांढऱ्या शाईने, माझ्या काकांच्या रेखीव अक्षरात लिहिलेले आहे : "चिमीचे बारसे, जानेवारी १९८२." त्याखाली चार-चार कोपऱ्यांचे तीन संच चिकटवलेले आहेत. फोटो मात्र एकही नाही.

ती चिमी म्हणजे मी. आज मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते, विद्यार्थी मला 'मॅडम' म्हणतात. पण काकांच्या लेखी मी अजून चिमीच आहे. फोटो यायच्या आधीच कोपरे चिकटवून ठेवण्याइतका उत्साह काकांना होता. फोटो का आले नाहीत, याची हकीकत आमच्या घरात पिढीजात झाली आहे. रोल धुवायला दिला होता, तो दुकानदाराने खराब केला, आणि वर पुन्हा शिरजोरी केली. त्या रोलमध्ये आजीच्या मांडीवर मी होते. आजी त्याच वर्षी पावसाळ्यात गेली. तिचा आणि माझा एकत्र असा एकही फोटो नाही. त्या दुकानाची पायरी आमच्या घरातले कोणी पुन्हा चढले नाही. वडील तर समोरच्या पदपथाने जात.

हा लेख मात्र त्या दुकानदाराविषयी नाही, तो ज्या कॅमेऱ्याने ते फोटो काढले त्याच्याविषयी आहे. रिकाम्या पानाकडे मी शेवटी येईनच. आल्याशिवाय गत्यंतर नाही.

सिंगापूरहून आलेली वस्तू

काका बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. १९८१ साली त्यांनी सिंगापूरला एक कॅमेरा घेतला. पेंटॅक्स के १००० हे त्याचे नाव. त्या काळी आमच्यासारख्या घरांत कॅमेरा असलाच तर आग्फाचा साधा 'क्लिक थ्री' असे. तोही शेजारीपाजारी सहलीला मागून नेत. काकांच्या कॅमेऱ्याला मात्र हात लावण्याची कोणाला मुभा नव्हती. चामड्याच्या पेटीतून तो निघे, तेव्हा आम्ही मुले देवघरातला संपुष्ट उघडावा तशी श्वास रोखून पाहत असू.

२०२२ साली काकांनी मला बोलावून घेतले आणि ती पेटीच माझ्या हातात ठेवली. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला आहे. कडेचे दिसते, पण जिथे नजर लावावी तिथेच धुके. "कॅमेऱ्याचा पडदा अजून शाबूत आहे, चिमे," ते म्हणाले, "माझाच गेला. आता तू वापर. नुसता कपाटात ठेवणार असशील, तर मात्र नको नेऊस."

मी तो घरी आणला तेव्हा आमच्या चिरंजीवांनी पहिल्यांदा तो उलटा केला आणि विचारले, "आई, फोटो कुठे दिसतो?" पाठीमागे नुसता काळा पत्रा! फोटो दिसत नाही, तो आठवड्याने कळतो, हे ऐकल्यावर त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती मी विसरणार नाही. यजमानांनी हातात धरून वजनाचा अंदाज घेतला. लेन्ससकट तो पाऊण किलोहून थोडा अधिक भरतो. "चोर आला तर उपयोगी पडेल," एवढाच अभिप्राय त्यांनी दिला.

हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला आणि १९९७ पर्यंत, म्हणजे तब्बल एकवीस वर्षे, जवळजवळ न बदलता तयार होत राहिला. आधी जपानात, मग हाँगकाँगला, शेवटी चीनमध्ये. जगभरच्या छायाचित्रणाच्या वर्गांत शिक्षक विद्यार्थ्यांना हाच घ्यायला सांगत. त्याचे कारण त्यात काय आहे यापेक्षा काय नाही यात होते. आपोआप काही होत नाही. स्वतःचाच फोटो काढण्यासाठी लागणारी घड्याळाची कळसुद्धा नाही. एक बारीक बटणासारखी बॅटरी आहे, ती फक्त प्रकाश मोजण्यापुरती. ती संपली तरी कॅमेरा चालूच राहतो. हा प्रकाशमापक बंद करायलाही कळ नाही. लेन्सवर झाकण घातले की अंधार होतो आणि तो झोपी जातो. झाकण विसरलात तर बॅटरी संपते. इतका सरळ हिशेब मी दुसऱ्या कोणत्याही यंत्रात पाहिलेला नाही.

आरसा आणि अंधार

या जातीच्या कॅमेऱ्याचे मर्म त्याच्या पोटातल्या आरशात आहे. साध्या कॅमेऱ्यात आपण एका खिडकीतून पाहतो आणि फोटो दुसऱ्याच भिंगातून निघतो. म्हणून पुष्कळांच्या फोटोत माणसांची डोकी कापली जात. इथे पाहणे आणि टिपणे एकाच लेन्समधून होते. लेन्सच्या मागे पंचेचाळीस अंशांत तिरका आरसा असतो. तो प्रतिमा वर एका दुधी काचेवर टाकतो. आरशातली प्रतिमा उजवी-डावी उलटते, ती सुलटी करण्यासाठी काचेवर एक पैलूदार लोलक बसवलेला असतो. कॅमेऱ्याच्या माथ्यावर देवळाच्या शिखरासारखा जो उंचवटा दिसतो, त्याच्या आत हा लोलक असतो.

ही युक्ती एका दिवसात साधलेली नाही. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा असा कॅमेरा, 'किने एक्झाक्टा', १९३६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी निघाला. त्यात मान खाली घालून, पोटाशी धरून पाहावे लागे, आणि माणूस उजवीकडे चालू लागला की काचेवर तो डावीकडे जाई. लोलक बसवून डोळ्याशी धरायचा 'कॉन्टॅक्स एस' त्याच शहरात १९४९ साली आला. तरी एक अडचण होतीच. खटका दाबला की आरसा वर जाई तो वरच राही. पुढची फिल्म सरकवेपर्यंत पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काळोख. फोटो निघताच क्षणात परत खाली येणारा आरसा जपानच्या असाही कंपनीने १९५४ साली आपल्या 'असाहिफ्लेक्स' कॅमेऱ्यात बसवला. याच कंपनीने १९५७ साली पहिला पेंटॅक्स काढला. लोलकाचे इंग्रजी नाव 'पेंटाप्रिझम', त्यातला 'पेंटा' आणि 'कॉन्टॅक्स'मधला शेवट जोडून हे नाव झाले. शब्दांची व्युत्पत्ती लावणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्याने हे कळल्यावर मला कॅमेरा मिळाल्याइतकाच आनंद झाला.

पण आरसा परत येत असला, तरी तो वर गेलेला असतो तेवढा पळभर अंधार पडतोच. याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी उमगला. जो क्षण फिल्मवर उमटतो, नेमका तोच क्षण काढणाऱ्याला दिसलेला नसतो! त्याने पाहिलेला असतो तो त्याच्या लगतचा आधीचा आणि लगतचा नंतरचा. तेव्हा आधीचे पाहणे चोख असेल तरच मधल्या अंधारावर भरवसा ठेवता येतो.

तीन गोष्टींचा संसार

फोटो काढणाऱ्याच्या हाती तीन गोष्टी असतात : लेन्समधले छिद्र किती उघडायचे, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, आणि नजर कुठे ठरवायची. पहिल्या दोन प्रकाशाच्या, तिसरी जवळ-लांबची.

छिद्राचे आकडे लेन्सच्या कड्यावर कोरलेले असतात : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते. मी मराठीची, गणिताशी माझे सख्य बेताचेच. या उलट्या कारभाराने मी आठवडाभर हैराण होते. काकांनी एका वाक्यात उलगडा केला : "अगं, हे छेद आहेत. अर्ध्या भाकरीपेक्षा पाव भाकरी लहान की मोठी?" लेन्सची लांबी ५० मिलिमीटर आणि आकडा २, तर छिद्र ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटर. आकडा ४ केला की साडेबारा. एकेक पायरी चढावी तसा प्रकाश निम्मा होतो.

पडद्याच्या चकतीवर एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत आकडे आहेत, आणि तिथेही प्रत्येक पायरीला वेळ साधारण निम्मा होतो. दोन्ही पाढे असे जुळलेले असल्याने एकीकडून एक पायरी काढली आणि दुसरीकडे एक घातली, की बेरीज तीच राहते. छिद्र मोठे केले तर पार्श्वभूमी पुसट होते, पडदा झटपट मिटला तर धावणारे पोर गोठते. काय हवे ते ठरवून त्याची किंमत दुसऱ्या बाजूने मोजायची. महिन्याचा घरखर्च चालवणाऱ्या कोणाही गृहिणीला हे शास्त्र शिकवावे लागत नाही.

प्रकाश पुरेसा आहे की नाही, हे डोळा लावल्यावर उजवीकडे दिसणारी एक सुई सांगते. ती मध्यावर आली की झाले. पण या सुईचा एक भाबडा समज आहे. तिला वाटते की समोरचे जग नेहमी सरासरीच असते, ना गोरे ना काळे, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे करडे. म्हणून पांढरा झब्बा घातलेले काका समोर बसले, की सुई म्हणते, "फार उजेड झाला, कमी करा." तिचे ऐकले तर झब्बा राखाडी आणि काकांचा चेहरा काळवंडलेला. अशा वेळी सुईला नमस्कार करून छिद्र एक पायरी, क्वचित दीड पायरी, जास्त उघडावे लागते. काळ्या रेशमी चंद्रकळेचे याच्या उलट. सरासरीवर माणूस मोजू नये, हे मला इतक्या वर्षांच्या पेपर-तपासणीने जेवढे शिकवले नाही, तेवढे या सुईने शिकवले.

आणि सुईच बंद पडली तर? त्यालाही जुनी रीत आहे. लख्ख उन्हात छिद्राचा आकडा १६ ठेवावा आणि पडद्याचा वेग फिल्मच्या आकड्याइतका : १०० ची फिल्म असेल तर १/१२५, ४०० ची असेल तर १/५००. एप्रिलातल्या पुण्याच्या उन्हाने मला या बाबतीत अजून दगा दिलेला नाही.

राहिली नजर. दुधी काचेच्या मध्यभागी एक लहानसे वर्तुळ आहे. लेन्सचे कडे जागेवर नसेल तोवर ते वर्तुळ, पाण्यावर ऊन पडावे तसे, कणाकणांनी चकाकत राहते. कडे हळूहळू फिरवत जावे, आणि एका जागी ती चुळबुळ एकदम थांबते. समोरच्याची पापणी स्वच्छ दिसते. फोनवर हे काम मला न विचारता होते, आणि ते बहुधा माझ्यापेक्षा बरे होते. पण तिथे मी कोणाकडे पाहते आहे हे मला ठरवावे लागत नाही. इथे घोळक्यात पाच माणसे असली, तर त्यांतल्या एकाच अंतरावर बोट ठेवावे लागते. काकांच्या डोळ्यांतले धुके नेमके या वर्तुळावर येते, म्हणून हा कॅमेरा माझ्याकडे आला.

तिघी बहिणी

काकांनी मला तीन लेन्सा दिल्या. सगळ्या हाताने फिरवायच्या, धातूच्या, आणि कडे फिरवताना जाणवणारा किंचित ओलसर असा एक अडसर त्यांना आहे. थंडीत डबा उघडावा आणि तूप चमच्याला थोडे अडवते, तसा. या लेन्सा कॅमेऱ्यावर बसवताना पाव वळसाही लागत नाही. 'टक्' आवाज आला की बसल्या. १९७५ पूर्वीच्या पेंटॅक्सच्या लेन्सा लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारख्या पेच फिरवून बसवाव्या लागत. त्या लेन्सांचे नाव 'टाकुमार'. कंपनीच्या संस्थापकाचा भाऊ टाकुमा काजिवारा हा अमेरिकेत छायाचित्रकार आणि पुढे चित्रकार म्हणून राहिला. त्याच्या नावावरून ते आले. बारशाला नाव कोणाचे ठेवायचे यावर घरोघर वाद होतात. तिथे यंत्राला भावाचे नाव मिळाले.

पहिली ५० मिलिमीटरची. ही थोरली, समंजस. ती पाहते ते बरेचसे आपल्याला डोळ्यांनी जसे भासते तसे. मोठे करीत नाही, लहान करीत नाही. कॅमेऱ्याबरोबर साधारणपणे हीच मिळे, म्हणून लोक तिला गरीब समजतात. माझे निम्म्याहून अधिक चांगले फोटो तिचे आहेत.

दुसरी २८ ची. ही पाहुण्यांना घरात घेणारी. हिच्यात सगळे मावते, पण काही हवे तर जवळ जावे लागते. हिचा एक गुण मला पालखीच्या दिवशी कळला. लेन्सच्या कड्यावर अंतराचे आकडे असतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना छिद्राचे आकडे बारीक रेघांनी दाखवलेले असतात. छिद्र ११ वर आणि अंतर अडीच मीटरच्या जरा अलीकडे ठेवले, की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. मग डोळा लावायचीही गरज नाही! लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत मी हात उंच करून खटके दाबले. वीणा, तुळशीवृंदावन, पताका आणि मध्येच एका आजोबांची टोपी, सगळे जागच्या जागी आले.

तिसरी १३५ ची, धाकटी आणि भिडस्त. लांबून पाहते. माणसाच्या नकळत चेहरा टिपावा तर हिनेच. नाक मोठे येत नाही आणि मागची गर्दी दुधासारखी पातळ होते. मात्र हिला हात स्थिर हवा. नियम असा, की लेन्सची जेवढी लांबी, तेवढाव्या भागापेक्षा सेकंदाचा वेळ अधिक नको. म्हणून हिच्यावर मी १/२५० च्या खाली सहसा येत नाही. चहाचे दोन कप झाले असतील तर १/५००.

या तिघींचा वैरी म्हणजे आपला पावसाळा. दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याने जाळे विणावे तशी, आणि ती एकदा मुरली की काचेवरचा लेप खाते. चाळीसहून अधिक पावसाळे काढूनही काकांच्या लेन्सा निर्मळ आहेत, याचे श्रेय काकूंचे. बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात लेन्सा, आणि सोबत पुरचुंडीत निळी सिलिका जेल. दमट झाली की ती गुलाबी होते. मग काकू ती वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर, पुन्हा निळी होईपर्यंत, परतत. त्या कढईला आमच्या घरात 'कॅमेऱ्याची कढई' म्हणतात. तिच्यात कधी फोडणी पडलेली नाही.

छत्तीस

एका रोलमध्ये छत्तीस फोटो. रोलची किंमत शेकड्यांत, धुण्याचे आणि प्रतींचे पैसे वेगळे. आमच्याकडे "आज कोणाचा फोटो काढलास?" याऐवजी "आज किती रुपये उडवलेस?" असे विचारले जाते. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात 'इंदू' नावाची आपली स्वतःची फिल्म निघे. तो कारखाना आता बंद झाला. कोडॅकने आपली नामांकित रंगीत फिल्म कोडाक्रोम २००९ साली थांबवली. तिचा कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल स्टीव्ह मकरी या छायाचित्रकाराने मागून घेतला, आणि त्यातले काही फोटो त्याने मुंबईत काढले, काही राजस्थानात. छत्तीस फोटो जपून जपून वापरत तो जगभर हिंडला आणि २०१० साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ती फिल्म धुतली गेली. फिल्म सगळीच संपली मात्र नाही. कृष्णधवल रोल अजून निघतात, रंगीतही मिळतात. पेंटॅक्सने तर २०२४ साली फिल्मचा एक नवा छोटा कॅमेरा बाजारात आणला.

चित्र मोजून काढायची शिस्त आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली, ती कॅमेरा एका जागी ठेवून, दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे घेऊन. माझी छत्तिशी त्यापुढे काहीच नाही. तरी छत्तीस या आकड्याने माझ्यात एक बदल केला. खटका दाबण्याआधी मी आता स्वतःला विचारते, "हे तुला खरेच हवे आहे का?" आणि पुष्कळदा कॅमेरा खाली घेऊन नुसती पाहत राहते. तेही लक्षात राहते.

सदतिसावा खटका

२०२४ साली काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. घरचाच समारंभ, पन्नास-साठ माणसे. काकांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवले होते : "फोटो आमची चिमी काढणार. माझ्या कॅमेऱ्याने."

दोन वर्षांत मी स्वतःला पंडिता समजू लागले होते. सकाळी पाहुणे जमेपर्यंत पहिला रोल संपला. इतक्यात "चला, औक्षण!" अशी हाक आली. मी घाईघाईने दुसरा रोल भरला, जीभ फिरकीच्या खाचेत खोचली, पाठ बंद केली आणि धावले. पुढचे दोन तास मी अगदी मन लावून फोटो काढले. काकू काकांच्या तोंडात पेढा घालताना. काका, पुतळ्यासारखे ताठ. पणतवंडाने काकूंच्या नऊवारीचा काष्टा ओढला तो क्षण. प्रत्येकाची सुई पाहिली, प्रत्येक झब्ब्याला एक पायरी जास्त दिली.

दुपारी काकांच्या शेजारी बसून मी छत्तिसावा फोटो काढला आणि सवयीने पुढची दांडी ओढली. रोल संपला की दांडी अडते. ती अडली नाही. मी सदतिसावा खटका दाबला, मग अडतिसावा. काही रोल एखाददुसरा फोटो जास्त देतात, असे मनाला समजावले. एकोणचाळीस. चाळीस.

काकांना दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. त्यांनी मान वळवली आणि हलक्या आवाजात विचारले, "चिमे, दांडी ओढताना डावीकडचं बटण फिरत होतं का गं?"

माझ्या पोटात गोळा आला. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला फिल्म परत गुंडाळायचे बटण असते. दांडी ओढली की आत फिल्म सरकते, आणि फिल्म सरकली की ते बटण आपोआप फिरते. आत सगळे ठीक आहे, याची बाहेर दिसणारी ती एकमेव खूण. पाहायला निमिषही लागत नाही. मी पाहिले नव्हते.

पाठ उघडली. फिल्मची जीभ खाचेतून निसटून बाहेर पडलेली होती. सगळी फिल्म डबीत जशीच्या तशी कोरी.

सर्वांनी समजूत घातली. लोकांच्या फोनवर मिळून चारशेच्या वर फोटो होते. समारंभाचे काही अडले नाही, आणि हे खरेही होते. पण मला रडू आवरेना. काकांनी मला आतल्या खोलीत नेले, दार लोटले, आणि काही वेळ गप्प बसले.

मग म्हणाले, "दुकानदाराने रोल बिघडवला नव्हता."

मला क्षणभर अर्थ लागला नाही.

"तुझ्या बारशाचा. त्याने बिचाऱ्याने धुऊन कोरा रोल माझ्या हातात दिला आणि सांगितलं, साहेब, फिल्म पुढे सरकलेलीच नाही. नवा कॅमेरा होता, मी मोठा शहाणा. चार दिवसांनी बोटीवर जायचं होतं. दादाला, आईला काय सांगू? म्हटलं, दुकानात खराब झाला. वाटलं, पुढच्या सुट्टीत आईचे आणि तुझे पुन्हा काढू. डिसेंबरात परत आलो, तर आई नव्हती. मग खरं सांगायची सोयच उरली नाही."

बाहेर कोणीतरी गाणे म्हणत होते. काका माझ्याकडे पाहत नव्हते. पाहून त्यांना माझा चेहरा दिसलाही नसता.

"दादा त्या माणसाशी रस्त्यात भांडला होता. मी पत्रात वाचलं, बोटीवर. तरी गप्प बसलो. तो दुकानदार गेला, दुकान गेलं, दादाही गेला. चाळीस वर्षांहून जास्त झाली. बटण पाहिलं नाही हा पहिला गुन्हा, चिमे. तो कोणाच्याही हातून होतो. दुसरा माझा एकट्याचा."

मी रागावले का? रागावले. आजीच्या मांडीवरच्या त्या फोटोसाठी मी लहानपणी त्या दुकानाच्या फळ्यांकडे फार वाईट नजरेने पाहिले होते. तो राग आता न्यायचा कुठे हे मला कळेना. पण त्याच दुपारी माझ्याच हातात कोरी फिल्म होती, आणि "रोलच खराब निघाला" हे वाक्य माझ्याही जिभेवर येऊन गेले होते. ते मी बोलले नाही, एवढाच काय तो फरक. काकांच्या वेळी त्यांना विचारणारे कोणी नव्हते. मला त्यांनी विचारले होते.

पुढच्या महिन्यात एका साध्या मंगळवारी मी पुन्हा काकांकडे गेले. समारंभ नाही, पाहुणे नाहीत. खिडकीशी काकू मटार सोलत होत्या आणि काका दाणे चाचपून वाटीत टाकत होते. ५० ची लेन्स, छिद्र २.८, पडदा १/६०. काकांचा झब्बा पांढरा, म्हणून हे सुई म्हणाली त्याहून एक पायरी जास्त. वर्तुळातली चुळबुळ काकूंच्या पापणीवर थांबली. मी खटका दाबला आणि दांडी ओढली.

"बटण फिरलं?" काकांनी वर न पाहता विचारले.

"फिरलं, काका."

तो फोटो आल्बममध्ये लावायचा ठरला तेव्हा मला वाटले, काका त्या रिकाम्या कोपऱ्यांत लावायला सांगतील. त्यांनी तो पुढच्या पानावर लावायला सांगितला. बारशाचे पान तसेच ठेवायचे होते. त्यांनी मला पांढऱ्या शाईचे पेन आणायला लावले आणि कोपऱ्यांच्या खाली दोन वाक्ये लिहून घेतली. अक्षर माझे आहे, मजकूर त्यांचा : "फिल्म अडकलीच नव्हती. दुकानदाराची काही चूक नाही."

खाली त्यांनी चाचपडत, स्वतःच्या हाताने सही केली. ती ओळ सोडून जरा वर चढली आहे.